गोदाकांठच्या तंबूंत दोन रात्री

सुट्टी कोठें घालवावी हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वाटतो तितका साधा नसतो. वडील मंडळींस क्षेत्र हवें असतें, मुलांस समुद्र हवा असतो, स्त्रियांस स्वयंपाकघरापासून चार दिवस सुटका हवी असते आणि ज्याच्या खिशांतून पैसे जावयाचे त्यास हें सर्व स्वस्तांत हवें असतें. आमच्या नाशिकच्या घरांत गेल्या पौषांत हाच वाद रंगात आला असतां आफ्रिकेहून एक पत्र आलें, आणि त्या पत्रानें आम्हां नऊ माणसांस घरापासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर नेऊन सोडलें. तो प्रवास कसा घडला आणि त्यांतून आम्ही काय घेऊन आलों, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेखप्रपंच.

पत्र आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांचें होतें. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत बोट्स्वाना नांवाचा देश आहे. सन १९६६ मध्यें तो स्वतंत्र झाला. त्याच्या राजधानींत, गाबोरोन शहरीं, हे चिरंजीव नोकरीस आहेत. हल्लींचें पत्र कागदावर येत नाहीं, तें भ्रमणध्वनीवर येतें. पण आलेलें पत्र रात्रीच्या जेवणानंतर सर्वांदेखत मोठ्यानें वाचावयाचें ही वडिलांच्या वेळची चाल आमच्या घरांत अजून मोडलेली नाहीं. वडील तीन वर्षांपूर्वीं गेले. तेव्हांपासून वाचण्याचें काम दादांकडे आलें आहे.

पत्रांतील हकीकत अशी. ओकावांगो नांवाची एक नदी त्या देशांत येऊन पसरते आणि समुद्रास न मिळतांच कालाहारीच्या वाळूंत जिरून जाते. तिच्या त्या विस्तीर्ण पाणथळींत चिरंजीव चार दिवस राहून आले होते. राहण्यास हॉटेल नव्हतें कीं बंगला नव्हता. आठ तंबू होते. ते जमिनीवर न ठोकतां लांकडी फळ्यांच्या माचावर उभारलेले, म्हणजे खालून पाण्याची वाट मोकळी राहते. दिवे सूर्यशक्तीवरचे. सिमेंटचा पाया कोठेंहि नाहीं; उद्यां तंबू उचलले तर पुढच्या पावसांत तेथें गवत. न्हाणीघर म्हणजे झाडाच्या फांदीस दोरानें टांगलेली बादली. तिच्या बुडाला झारी, आंत मोजून ऊन पाणी. रात्रीं तंबूबाहेर एकट्यानें पाऊल टाकावयाचें नाहीं, कारण हत्ती आणि पाणघोडे तंबूंच्या मधूनच चरत जातात. मंडळी थोडी घ्यावयाची, पैसा पुष्कळ घ्यावयाचा आणि जमिनीस शक्य तों धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, असें त्या देशाचें धोरण आहे. या चार दिवसांसाठीं आमच्या चिरंजीवांनीं जवळजवळ दोन महिन्यांचा पगार खर्चिला होता.

“दोन महिन्यांचा पगार देऊन बादलीभर पाण्यांत आंघोळ!” मातोश्री म्हणाल्या, “मी तर त्याला दहा वर्षें फुकट घालीत होतें.”

सर्वजण हंसले, पण मुलांनीं मात्र तेव्हांच हट्ट धरला. हत्ती नसले तरी चालतील, तंबू हवा. आमच्या वहिनींनीं त्यास दुजोरा दिला, कारण तंबूंत स्वयंपाकघर नसतें. दादांनीं चष्मा काढून पुसला व म्हणाले, “तंबूसाठीं आफ्रिकेस कशाला जावयास हवें? नांदूर मध्यमेश्वरास जाऊं या.”

नाशिकच्या वाचकांस हें नांव नवें नाहीं. पण नांव ठाऊक असणें आणि तेथें जाऊन राहणें यांत अंतर आहे. आमचें घर पंचवटींत, गोदावरीच्या घाटापासून पांच मिनिटांच्या वाटेवर. सुवर्णमृग आमच्या पंचवटींत दिसला आणि रामाचा बाण त्यास लागला तो नांदुरास, अशी तेथील लोकांची आख्यायिका आहे. म्हणजे आमच्या घाटावरून निघालेली वाट पुराणकाळापासून त्या गांवास पोंचते. असें असूनहि आमच्या घरांतील एकहि माणूस तेथें कधीं रात्र राहिला नव्हता.

या जागेचा अर्वाचीन इतिहास मोठा बोधप्रद आहे. निफाडकडील मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. जमीन काळी व कसदार, पण पाऊस बेताचा. म्हणून गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं एक बंधारा घालण्यांत आला आणि दोन्ही तीरांनीं कालवे काढून पाणी पूर्वेकडील कोरड्या भागांत नेण्यांत आलें. कोपरगांव, राहाता या बाजूची बागायत या कालव्यांवर उभी राहिली. पुढें दारणा नदीवर धरण झालें, त्याचें पाणीहि नदीवाटें येथेंच येऊं लागलें. पण नदी नुसतें पाणी आणीत नाहीं, ती गाळहि आणते. बंधाऱ्याच्या मागें वर्षानुवर्षें गाळ सांचला. पाणी उथळ झालें. मधून मधून लहान बेटें वर आलीं. त्यांवर पाणकणीस व नाना प्रकारचें गवत माजलें. इंजिनियराच्या हिशेबानें हा बिघाड होता. बदकांच्या, बगळ्यांच्या व करकोच्यांच्या हिशेबानें मात्र याहून चांगली जागा सबंध दख्खनच्या पठारावर शोधून मिळाली नसती. ज्यांच्यासाठीं बंधारा बांधला ते शेतकरी तर आलेच. ज्यांच्यासाठीं बांधला नव्हता ते पक्षीहि आले आणि राहिले.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनीं या जागेस महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें. सन १९८६ मध्यें सरकारनें तेथें पक्षी-अभयारण्य जाहीर केलें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर गांवीं सन १९७१ मध्यें राष्ट्राराष्ट्रांत एक करार झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. त्या कराराच्या यादींत नांदूर मध्यमेश्वरचें नांव २०१९ सालीं नोंदलें गेलें आणि जानेवारी २०२० मध्यें तें जाहीर झालें. महाराष्ट्रांतून त्या यादींत गेलेली ही पहिली जागा. प्राणी व वनस्पती मिळून ५३६ जातींची नोंद त्या वेळीं तेथें झालेली होती. त्यांत आमच्या देवळालीच्या नांवानें ओळखली जाणारी एक इवलीशी मासोळीहि आहे. ती आज जगांत अत्यंत दुर्मिळ गणली जाते.

असो. माघाच्या आरंभीं, एका शुक्रवारीं दुपारीं, दोन मोटारींतून आम्ही निघालों. चांदोरी ओलांडून सायखेड्याच्या पुलावर आलों तेव्हां दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव, कांद्याचीं शेतें आणि उंसाचे फड दिसूं लागले. चापडगांवच्या बाजूस, पाण्यापासून थोड्या अंतरावर आमचे तंबू होते. जाड खाकी कापड, आंत दोन-दोन खाटा, खुंटीवर सूर्यशक्तीवर चालणारा एक कंदील आणि बाहेर पाण्याचा एक माठ, एवढाच संसार. व्यवस्था पाहणारा तरुण तेथलाच होता. आमचें सामान पाहून तो किंचित् थबकला. नऊ माणसांच्या दोन रात्रींसाठीं आम्हीं सतरा डाग आणले होते.

त्यानें फार नियम सांगितले नाहींत. मोठ्यानें गाणीं लावूं नयेत, रात्रीं झोताचे दिवे पाण्याकडे टाकूं नयेत, आणलेलें प्लॅस्टिक परत न्यावें आणि आंघोळीस माणशीं एक बादली पाणी धरावें. आमच्या घरीं नळ सकाळीं जो सुटतो तो आठ वाजेपर्यंत वाहत असतो. कोण किती पाणी वापरतो हें आम्हीं कधीं मोजलें नव्हतें. तेथें प्रत्येकाच्या वांट्याची बादली तंबूच्या दाराशीं ठेवलेली पाहिल्याबरोबर मोजणें आपोआप सुरू झालें. धाकट्या मुलानें अर्धी बादली उरविली आणि ती लिंबाच्या मुळाशीं ओतून आल्यावर एखादी लढाई जिंकल्यासारखा तो मिरवूं लागला.

जेवणाविषयीं थोडी काळजी होती, कारण मातोश्री सोंवळ्याच्या. बाजरीची भाकरी, पिठलें, वांग्याचें भरीत आणि शेंगदाण्याची चटणी गांवांतल्या दोन बायकांनीं चुलीवर केली. आम्हीं एकमेकांकडे पाहूं लागलों. मातोश्रींनीं स्वतःच प्रश्न निकालांत काढला. “आतुरे नियमो नास्ति,” असें म्हणून त्यांनीं पहिली भाकरी मोडली आणि दुसरी मागून घेतली.

रात्र पडली तशी निफाडची प्रसिद्ध थंडी खालीं उतरली. दर हिवाळ्यांत येथील थंडीचे आंकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. तो आंकडा कापडाच्या भिंतींतून अंगाला लागला म्हणजे काय होतें तें आम्हांस त्या रात्रीं कळलें. पण थंडीपेक्षांहि नवा होता तो अंधार. शहरांतील माणसास काळोख ठाऊक असतो तो वीज गेल्यावेळचा. येथें तो मालक होता आणि आम्ही त्याचे पाहुणे होतों. पाण्यावरून मधून मधून बदकांचा कलकल येई, एखादी टिटवी ओरडत डोक्यावरून जाई, मग पुन्हां सर्व शांत होई. सर्व मंडळी गोधड्या गुंडाळून एका तंबूंत जमली. मुलांनीं आग्रह केला म्हणून दादांनीं पुतण्याच्या पत्राचा उरलेला भाग कंदिलाच्या उजेडांत वाचला.

त्या भागांत तंबूचें वर्णन नव्हतें, पाण्याचें होतें. ओकावांगोच्या पाणथळींत पूर येतो तो तेथें पाऊस पडून नव्हे. पाऊस पडतो शेंकडों कोस वर, अँगोला देशाच्या डोंगरांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. तें पाणी सपाट मुलखांतून इतकें सावकाश उतरतें कीं, खालीं पोंचावयास त्यास महिनोगणती लागतात. बोट्स्वानांत कडक कोरडा ऋतु चालू असतां, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, पाणथळ भरून येते आणि सबंध वाळवंटांतील जनावरें तिच्याकडे धांव घेतात. पाण्याचें मोल त्या देशांत एवढें आहे कीं, तेथील नाण्याचें नांव ‘पुला’, म्हणजे पाऊस. सभेंत जयजयकार करावयाचा तोहि ‘पुला’ म्हणूनच. त्या पाणथळीचा एक मोठा भाग सन १९६३ मध्यें तेथील बातावाना लोकांनीं आपण होऊन राखून ठेवला. त्यास मोरेमी अभयारण्य म्हणतात. पुढें २०१४ सालीं ही पाणथळ जागतिक वारशाच्या यादींत गेली, आणि त्या यादींतील ती हजारावी जागा ठरली.

शेवटीं चिरंजीवांनीं लिहिलें होतें: “येथें तंबू हलका ठेवणें पाहुण्याच्या हातीं आहे. पण ज्या पाण्यासाठीं पाहुणा येतो तें वरच्या माणसाच्या हातीं आहे. अँगोलांतल्या माणसानें पाणी अडविलें किंवा नासविलें, तर येथल्या आठ तंबूंनीं कितीहि जपलें तरी काय उपयोग? म्हणून अँगोला, नामिबिया आणि बोट्स्वाना या तीन देशांनीं १९९४ सालीं एकत्र मंडळ नेमलें आहे.” दादांनीं पत्र मिटलें. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, “अँगोलाच्या माणसानें ही पाणथळ पाहिलेली असते का?” त्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणासच देतां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे साडेपांचास त्या तरुणानें हांक मारली. धुकें पाण्यावर इतकें दाट होतें कीं, निरीक्षणाच्या मनोऱ्यावर चढूनहि प्रथम कांहीं दिसेना, नुसते आवाज. मग पूर्वेकडे तांबडें फुटलें, धुक्याचा पडदा वर उचलला जाऊं लागला आणि सबंध पाणी पक्ष्यांनीं भरलेलें दिसलें. बारीक नोंकदार शेपटीचें तलवार बदक. चमच्यासारख्या चोंचीनें पाणी गाळीत जाणारा थापट्या. चिखलांत एका पायावर उभे असलेले चित्रबलाक. गवतांतून तांबडे पाय उचलीत चालणारी जांभळी पाणकोंबडी. एक काळें, गुबगुबीत पाखरूं कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा लावून पोहत होतें. त्याचें नांव वारकरी, असें कळल्यावर मातोश्रींनीं त्यास नमस्कार केला. दुसऱ्या एका बदकाच्या चोंचीच्या टोकास पिवळा आणि मुळाशीं तांबडा ठिपका होता. त्याचें नांव हळदी-कुंकू. आमच्या घरांतील स्त्रियांस तें नांव फार आवडलें. वहिनी म्हणाल्या, “पाहा, पाण्यावरसुद्धां सुवासिनी आहेत.”

पण दादांची नजर खिळली होती ती एका नारिंगी जोडप्यावर. ते चक्रवाक होते. संस्कृत काव्यांत रात्रभर विरहानें आक्रंदणारें जें जोडपें आपण शाळेंत वाचलें, तें आम्हीं त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं पाहिलें. हे पक्षी वीण घालतात तिबेट, लडाख आणि मध्य आशियांत. थंडी पडूं लागली कीं हिमालय ओलांडून इकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. दादांनीं चाळीस वर्षें संस्कृत शिकविलें. दुर्बीण खालीं ठेवून ते म्हणाले, “मी मुलांना चक्रवाक म्हणजे एक पक्षिविशेष असें सांगत आलों. घरापासून तासाभराच्या वाटेवर हा बसलेला असे आणि मी अमरकोश उघडीत असें.”

न्याहारीनंतर त्या तरुणाबरोबर आम्ही कांठाकांठानें फिरावयास निघालों. थोडें चालल्यावर पाणी दिसेनासें झालें. त्याच्या जागीं हिरवागार गालिचा पसरला होता आणि त्यावर जांभळीं फुलें डुलत होतीं. मुलें आनंदानें पुढें धांवलीं. “आजी, पोरांना तिकडं जाऊं देऊं नका,” तो तरुण म्हणाला. “खालीं पाणीच आहे. ही पाणवेल.”

पाणवेल किंवा जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति. फुलांच्या शोभेसाठीं माणसानें ती देशोदेशीं नेली आणि आतां ती कोणास आवरत नाहीं. ज्या पाण्यांत सांडपाणी व खतें उतरतात तें पाणी तिला फार मानवतें. तेथें ती पाहतां पाहतां पसरते. तिच्याखालीं सूर्यप्रकाश जात नाहीं, पाण्यांतील प्राणवायु कमी होतो, मासे गुदमरतात आणि पोहणाऱ्या बदकांस जागा उरत नाहीं. लांब बोटांचा कमळपक्षी तेवढा तिच्यावरून चालूं शकतो. पुराच्या वेळीं तिचे मोठमोठे तराफे वाहत येऊन सायखेड्याच्या पुलास अडकतात, पाणी तुंबतें आणि चांदोरी-सायखेड्यांत शिरतें. २०१६ व २०१९ सालच्या पुरांत या गांवांनीं तें भोगलें आहे. हें सारें तो तरुण तक्रारीच्या सुरांत सांगत नव्हता. हवापाणी सांगावें तसें सांगत होता.

त्या हिरव्या गालिच्याच्या कडेस वरून वाहत आलेल्या वस्तू अडकून पडल्या होत्या. बाटल्या, एक चप्पल, फुटका नारळ, तसबिरीची चौकट, आणि गांठ मारलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. ती फाटली होती. आंत काळे पडलेले झेंडूचे हार, दुर्वांच्या जुड्या आणि कुंकवानें माखलेला कापूस होता. पिशवीवर आमच्याच पेठेंतील एका दुकानाचें नांव अर्धवट वाचतां येत होतें.

आम्ही पुढें जाऊं लागलों. मातोश्री मात्र तेथेंच उभ्या राहिल्या. “माझ्याकडे अशाच पिशव्या आहेत,” त्या म्हणाल्या.

कोणी कांहीं बोलेना. आमच्या घरचें निर्माल्य दर आठवड्यास नदीवर जातें, हें सर्वांस ठाऊक होतें. तें नेण्याचें काम आमच्याकडेच आहे. निर्माल्य पायदळीं येऊं नये, तें गंगेंत सोडावें, ही मातोश्रींस त्यांच्या सासूबाईंची शिकवण. पूर्वीं तें केळीच्या पानांत जाई. पुढें पिशव्या आल्या, तेव्हां सोय झाली असें सर्वांसच वाटलें. “सोडलेलें गोदामाईनें घेतलें, असें मी समजत होतें,” त्या म्हणाल्या. “तिनें तें येथें आणून ठेवलें होतें.”

तो तरुण अवघडला. “आजी, तुमचं एकटीचं नाहीं हें. आमच्या शेतांतलं खतबी ह्यांतच येतं.”

त्यावर मातोश्री किंचित् हंसल्या. मग पाण्याकडे पाहत त्यांनीं दादांस विचारलें, “ह्यांच्या अस्थि आपण रामकुंडांत सोडल्या. तें पाणी ह्याच वाटेनें आलें असेल, नाहीं का?” दादा म्हणाले, “होय, ह्याच वाटेनें.” मातोश्री बराच वेळ उभ्या होत्या. दूर, मोकळ्या पाण्यावर, ते नारिंगी जोडपें अजून पोहत होतें. त्यांनीं पाण्यास हात जोडले आणि त्या तंबूकडे वळल्या. त्या दिवशीं दुपारीं त्या पक्षी पाहावयास आल्या नाहींत. संध्याकाळीं मात्र स्वतः होऊन मनोऱ्याखालीं खुर्ची मागवून बसल्या.

रविवारीं परततांना मोटारींत वाद झाला, आणि तो व्हावयास हवाच होता. दादांचें म्हणणें असें कीं, एका घराच्या पिशवीवर खेद करणें ठीक. पण खरा प्रश्न शहराच्या सांडपाण्याचा आहे. सन २०११ च्या शिरगणतींत नाशिक शहराची वस्ती पंधरा लाखांच्या घरांत होती. इतक्या माणसांचें मैलापाणी शुद्ध होऊन मगच नदींत उतरेल, हें पाहणें नागरिकांचें व त्यांनीं निवडून दिलेल्या मंडळींचें काम. निर्माल्याची पिशवी त्यापुढें काय? युक्तिवाद बिनतोड होता. मातोश्रींनीं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलें, “त्या पंधरा लाखांत आपण नऊ माणसें आहोंत कीं नाहीं?”

आम्हांस वाटतें, दोघांचेंहि खरें आहे, आणि एकाचें खरें दुसऱ्याच्या आड येत नाहीं. नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठीं पाणी सोडण्याची वेळ आली म्हणजे आमच्या शहरांत सभा भरतात, निवेदनें निघतात. वरच्यांचें पाणी खालच्यांस किती द्यावें यावर आम्ही कोर्टापर्यंत जातों. पण त्याच नदीनें आम्ही खालच्यांस काय पाठवितों, याचा हिशेब आम्ही मागत नाहीं आणि देतहि नाहीं. दोन रात्री तंबूंत राहून, एका बादलींत आंघोळ करून, आणलेलें प्लॅस्टिक गोळा करून परत आणलें, एवढ्यानें आम्ही निसर्गाचे मोठे मित्र झालों असें आम्हांस शनिवारीं सकाळपर्यंत वाटत होतें. तंबू हलका होता हें खरें. पण आमचें वजन त्या पाण्यावर पडत होतें तें तंबूंतून नव्हे, घरांतून; आणि तें दोन दिवस नव्हे, वर्षाचे तीनशेंपासष्ट दिवस.

घरीं आल्यावर फार मोठी क्रांति झाली, असें सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाहीं. अंगणांत पारिजातकाखाली एक खड्डा खणला. निर्माल्य आतां त्यांत जातें आणि त्याचें खत तुळशीस मिळतें. पायदळीं येऊं नये हा सासूबाईंचा हेतु तेथेंहि पाळला जातो, याची मातोश्रींनीं स्वतः खात्री करून घेतली. भाद्रपदांत गणपति शाडूचा आणला व घरींच पाण्याच्या घंगाळांत विसर्जन केला. धाकटीं मुलें त्या दिवशीं थोडीं हिरमुसलीं, कारण घाटावरची मौज गेली. पितृपक्षांत तर्पणास मात्र आम्ही रामकुंडावर गेलों. तें सोडणें मातोश्रींस मान्य नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं. फक्त तीळ आणि पाणी. पत्रावळ, पिशवी व हार घरींच राहिले. सकाळचा नळ अजून मधून मधून वाहत राहतो. दादांनीं सांडपाण्याविषयीं दोन अर्ज केले. एकाचें उत्तर आलें आहे, दुसऱ्याची ते वाट पाहत आहेत.

ज्या कुटुंबांस ही सहल करावीशी वाटेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. स्थलांतर करून येणारे पक्षी पाहावयाचे तर कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. पहांट चुकवूं नये. निवासाची सोय आगाऊ ठरवून जावें. दुर्बीण नसेल तर मागून न्यावी. लोंकरीचे कपडे मात्र स्वतःचे न्यावे, कारण ते कोणी देणार नाहीं. भडक रंगाचीं वस्त्रें नेऊं नयेत, पक्षी बिचकतात. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. पक्ष्यांचीं नांवें पुस्तकांत मिळतात, पण पाण्याची हकीकत त्यालाच ठाऊक असते. आणि सतरा डाग नेऊं नयेत. आम्हांस पांच पुरले असते.

गेल्या आठवड्यांत आफ्रिकेस उत्तर गेलें. नऊ माणसांनीं आळीपाळीनें दोन-दोन ओळी सांगितल्या आणि दादांनीं त्या लिहिल्या. मुलांनीं पक्ष्यांचीं नांवें सांगितलीं, वहिनींनीं भाकरीचें वर्णन केलें. मातोश्रींची पाळी सर्वांत शेवटीं आली. त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “त्याला लिही, आम्हीहि अँगोलांतच राहतों.”